त्याची परीक्षा नीट घ्या

मी टेबल बोलतोय. लिहायचं किंवा जेवायचं नाही, पालथं झोपायचं टेबल. कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी पाठीचे मणके जागेवर आणणाऱ्या डॉक्टरकडे, तुम्ही कधी गेला असाल तर माझ्या एखाद्या भाऊबंदावर तुम्ही नाक टेकलं असेल.

माझ्या गादीत डोक्याच्या बाजूला एक उभी फट आहे. नाक-तोंड त्यात जातं, श्वास मोकळा राहतो. पण त्या फटीत तोंड गेलं की माणूस बोलायला लागतो. समोर कुणाचा चेहरा नसतो, खाली फक्त जमीन दिसते. बायकोला न सांगितलेलं, पाद्रीबाबांनाही न सांगितलेलं माणसं जमिनीला सांगून मोकळी होतात. जवळजवळ सत्तर वर्षं मी ते ऐकलंय.

माझा जन्म सत्तेचाळीस सालचा, उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. पाय मेपलच्या लाकडाचे, गादीत घोड्याचे केस, वर तपकिरी कातडं. तिथून मला आयोवा राज्यात, मिसिसिपीच्या काठी पाठवलं. त्या गावात कण्याच्या डॉक्टरांचं कॉलेज होतं, आणि युद्धावरून परतलेली मुलं सरकारी खर्चाने तिथे शिकायला आली होती. त्यांतल्याच एकाने मला विकत घेतलं. ओव्हीद लेजून त्याचं नाव. लुइझियानाचा, भातशेतीच्या मुलखातला, घरात फ्रेंच बोलणारा. इटलीच्या डोंगरात दोन वर्षं त्याने जखमींचे स्ट्रेचर वाहिले होते. त्यातच त्याची पाठ गेली, आणि सैन्यातल्या एका मित्राच्या वडिलांनी ती हातांनी बरी केली. तेव्हाच त्याने ठरवलं, हेच शिकायचं.

त्या काळी दीड वर्षाचा अभ्यासक्रम होता. हाडं, स्नायू, नसा, आणि मुख्य म्हणजे बोटं. टेलिफोनच्या जाड पुस्तकात पानाखाली डोक्याचा एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून तो बोटाने शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. ओव्हीद हे माझ्यावर बसून तासन्‌तास करायचा. शेवटी शेवटी तर त्याला वीस-वीस पानांखालचा केस लागायचा. हाताला डोळे फुटतात म्हणतात, ते मी त्याच्या बाबतीत पाहिलं. पुस्तकातल्या रोगांच्या प्रकरणांपाशी मात्र तो फार रेंगाळला नाही. शिकवणारेही तिथे फार रेंगाळत नसत.

एकोणपन्नास साली आम्ही रेल्वेने त्याच्या गावी, सेलेस्तला आलो. घरातली पुढची खोली माझी झाली. दारावर पाटी लागली आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. भाताची पोती उचलून वाकलेले, कोळंबीची जाळी ओढून खांदे गेलेले, बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या बायका. कुणी अंडी आणायचं, कुणी घरचं सॉसेज. ओव्हीदची बायको एलोडी प्रत्येकाचं एक कार्ड लिहायची. काय दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं. ते सगळं पत्र्याच्या पेटीत, अक्षरानुसार लावलेलं.

एकच अडचण होती. इतर राज्यांत कण्याच्या डॉक्टरला परवाना मिळायचा. लुइझियानात तसा परवानाच नव्हता. मागायचा तरी कुणाकडे? आणि परवान्याशिवाय रोग्याला हात लावला तर तो गुन्हा.

त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात गावचा पोलीस, डेप्युटी हिलेर, दारात येऊन उभा राहिला. कमरेला पिस्तूल, हातात कागद, आणि अंगाने एका बाजूला कललेला.

"काका, तुम्हाला न्यायला आलोय," तो ओशाळून म्हणाला. "वरून हुकूम आहे. तुम्ही बिनपरवाना वैद्यकी करता अशी तक्रार आहे."

ओव्हीदने त्याच्याकडे नीट पाहिलं. "उजवी कंबर?"

"काल बोटीचं इंजिन उचललं."

"मग गाडी कशी चालवलीस?"

"रडत रडत."

एलोडी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "हात लावू नकोस त्याला, ओव्हीद! पकडायला आलाय तो!"

"पकडेल गं. पण सरळ उभं राहून पकडेल." ओव्हीदने माझ्या डोक्याकडचा कागद बदलला. "झोप रे."

हिलेर झोपला. फटीत तोंड घालून म्हणाला, "माझ्या आईला सांगू नका मी तुम्हाला पकडलं म्हणून." अर्ध्या तासाने तो सरळ उभा राहिला, टोपी घातली आणि ओव्हीदला घेऊन गेला. वर दोन शिपाई येऊन मलाही घेऊन गेले. मी पुरावा होतो.

कोर्टाच्या तळघरात दोन महिने मी दारूच्या जप्त बाटल्या आणि एका चोरीच्या सायकलीशेजारी उभा होतो. ओव्हीदला दहा दिवसांची शिक्षा झाली. आमच्या गावचे लोक तुरुंगाच्या खिडकीखाली रांग लावायचे. कुणी गंबोचं, म्हणजे आमच्याकडच्या दाट कालवणाचं पातेलं घेऊन, कुणी नुसतीच मान दाखवायला. सुटून आल्यावर त्याने पाटी काढली, पुसली आणि पुन्हा लावली. त्या दिवसापासून त्याच्या चालण्यात एक ताठा आला. दहा दिवस आपण आपल्या विद्येसाठी दिले, आता आपल्याला कोण काय शिकवणार, असं त्याला वाटायला लागलं. मलाही वाटायचं. त्याची माणसं बरी होऊन जायची, हे तर मी रोज पाहत होतो.

सगळीच मात्र बरी झाली नाहीत. त्यातली एक लियोना द्युगा.

भाताच्या गिरणीतला मुकादम आल्फे द्युगा ओव्हीदचा लहानपणापासूनचा दोस्त. लियोना त्याची बायको. हसरी, जाडजूड, रविवारच्या नाचात शेवटपर्यंत टिकणारी. अडुसष्टच्या हिवाळ्यात ती पाठ दुखते म्हणून यायला लागली. ती माझ्यावर झोपली की फटीतून म्हणायची, "ओव्हीद, गंमत बघ, लोकांना आडवं झालं की बरं वाटतं. मला आडवं झालं की जास्त दुखतं." तो म्हणायचा, "सवय बदल. उशी पातळ घे." एलोडी कार्डावर लिहायची. अकरा वेळा ती आली. दर खेपेला माझ्या गादीवर तिचं वजन आधीपेक्षा कमी पडायचं. मला ते कळायचं, पण मी टेबल. बारावी वेळ आलीच नाही. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की रोग हाडांत पसरलाय. ईस्टरच्या आधी ती गेली. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ओव्हीद होता.

चौऱ्याहत्तर साली कायदा झाला. आता लुइझियानातही कण्याच्या डॉक्टरला परवाना मिळणार होता. त्या दिवशी घरात केवढी गर्दी! हिलेरने अकॉर्डियन आणलं, माझ्यावर केकची परात ठेवली गेली.

मग परवाना देणाऱ्या मंडळाचं पत्र आलं. ओव्हीदने ते उभ्याने वाचलं आणि खाली बसला.

"काय म्हणतात?" एलोडीने विचारलं.

"कॉलेजचं प्रमाणपत्र पाठवा म्हणतात. गावातल्या तीन प्रतिष्ठित माणसांचे वर्तणुकीचे दाखले पाठवा. आणि..." त्याने कागद माझ्यावर आपटला. "आणि परीक्षेला बसा. नऊ विषय! रसायनशास्त्र! मी चौपन्न वर्षांचा घोडा, मला रसायनशास्त्र विचारणार!"

"मग?"

"मग काय! मी बसणार नाही. तुरुंगात बसलो तेवढं पुरे."

त्याची मुलगी ओडील तेव्हा एकवीस वर्षांची होती, टेलिफोन ऑफिसात कामाला.  पुढच्या शनिवारी ती जवळच्या लाफायेत शहरात गेली आणि नुकत्याच शिकून आलेल्या एका तरुण कायरोप्रॅक्टरकडून पुस्तकांचं खोकं उसनं घेऊन आली. खोकं माझ्यावर ठेवून म्हणाली, "पापा, तुम्ही बसा नाहीतर नका बसू. मी वाचणार आहे. कानावर पडलं तर पडू द्या."

दुपारी कडक उन्हात रोगी येत नसत. तेव्हा ती माझ्या पायथ्याशी बसून मोठ्याने वाचायची. ओव्हीद खुर्चीत टोपी तोंडावर ओढून पडायचा. दोन दिवस तो घोरला. तिसऱ्या दिवशी टोपीखालून आवाज आला, "चूक वाचलंस. ती नस पुढून जाते."

"पुस्तकात मागून लिहिलंय."

"आण इकडे." त्याने पुस्तक पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मागूनच जाते," तो पुटपुटला.

त्यानंतर तो खुर्ची पुढे ओढून बसायला लागला. शरीररचना त्याला यायची. क्ष-किरणांच्या फिल्म तो खिडकीला लावून बघायचा. रसायनशास्त्र आलं की मात्र त्याचा चेहरा शाळेतून पळालेल्या पोरासारखा व्हायचा.

"पापा, आम्ल म्हणजे काय?"

"तुझ्या आईची जीभ."

"ऐकलं हं मी!" स्वयंपाकघरातून एलोडी.

हसत-खेळत महिना गेला. एका मंगळवारी ओडीलने रोगनिदानाचं प्रकरण उघडलं. पाठदुखी ही दर वेळी पाठीचीच असते असं नाही, असं त्यात होतं. पुढे खुणा दिल्या होत्या. ती वाचत गेली, "विश्रांतीने कमी न होणारी वेदना. आडवं झाल्यावर वाढणारी. कारणाशिवाय घटणारं वजन. पन्नाशीच्या पुढचं वय. अशा रोग्याच्या मणक्यांना हात न लावता ताबडतोब पुढच्या तपासणीला पाठवावं."

"पुन्हा वाच," ओव्हीद म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं.

"लियोनाचं कार्ड काढ."

"कोणाचं?"

"लियोना द्युगा. पेटीतून काढ."

कार्ड आलं. एलोडीच्या गोल अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. 'आडवं झाल्यावर जास्त.' तारीख. 'आडवं झाल्यावर जास्त.' तारीख. 'झगे सैल होतात म्हणते, खूश आहे.' तारीख. त्याला सांगितलं गेलं होतं, त्याने ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं. त्याचा अर्थ काय ते मात्र त्याला माहीत नव्हतं. अकरा वेळा त्याने त्या हाडांवर आपल्या हातांचा भार टाकला होता.

ओडीलला बाहेर पाठवून तो माझ्यावर पालथा झोपला. आयोवातल्या दिवसांनंतर पहिल्यांदाच. मला वाटलं तोही जमिनीला काही सांगेल. तो काहीच बोलला नाही. माझ्या कातड्यावर मात्र ओल आली.

संध्याकाळी त्याने एलोडीला सांगितलं, "मी आल्फेला सांगणार आहे."

एलोडी कार्डं आवरत होती. तिचे हात थांबले. "काय सांगणार? सहा वर्षं झाली. तो आत्ता कुठे नीट जेवायला लागलाय."

"त्याला कळायला हवं."

"ओव्हीद, त्याच्याकडे आपल्या दाखल्याचा कागद आहे! तीन माणसांतला तो एक. आज सांगितलंस तर तो सही करेल? परीक्षा होऊ दे. परवाना मिळू दे. मग सांग."

"परवाना खिशात घालून सांगितलं तर ते सांगणं कसलं?"

"आणि त्याने मंडळाला कळवलं तर? पंचवीस वर्षं मीही इथे कार्डं लिहिलीत. ते अक्षर माझं आहे." आणि ती रडायला लागली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघं बराच वेळ माझ्या काठाशी टेकून उभी होती.

आल्फे गुरुवारी यायचाच, गुडघ्यासाठी. आला, बूट काढायला लागला.

"झोपू नकोस, आल्फे. बस."

"का? टेबल मोडलं काय?"

ओव्हीदने त्याच्या हातात कार्ड दिलं आणि पुस्तकाचं पान उघडून दिलं. मग स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कुठे सारवासारव केली नाही, कॉलेजवर ढकललं नाही, काळावर ढकललं नाही. "ती मला सांगत होती. मला कळलं नाही. कळायला हवं होतं."

आल्फे कार्ड वाचत राहिला. झग्यांच्या ओळीवर त्याचा अंगठा थांबला.

"कळलं असतं तर काय केलं असतंस?"

"त्याच आठवड्यात इस्पितळात पाठवलं असतं."

"वाचली असती?"

"माहीत नाही. बहुधा नाही. पण तीन महिने आधी कळलं असतं. दुखणं कमी करायचं औषध तरी आधी मिळालं असतं."

"तीन महिने," आल्फे म्हणाला. त्याने बूट घातले, नाड्या न बांधता. दारात वळून म्हणाला, "ती तुझ्याकडून घरी आली की म्हणायची, ओव्हीदचे हात गरम आहेत." आणि गेला.

पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही. पाद्रीबाबांचा दाखला आला, शाळेच्या मुख्याध्यापिकेचा आला. आल्फेचा नाही. ओडील म्हणाली, दुसऱ्या कुणाकडून घेऊ, हिलेर एका पायावर देईल. ओव्हीद म्हणाला, "तिसरा कागद आल्फेकडे आहे. तो देईल नाहीतर नाही देणार." अभ्यास मात्र त्याने सोडला नाही. उलट आता तोच वाचायचा आणि ओडीलला विचारायचा. आजारांची प्रकरणं त्याने इतक्यांदा वाचली की पुस्तक त्याच पानांवर आपोआप उघडायचं.

अर्ज पाठवायच्या शेवटच्या दिवशी सकाळी आल्फे आला. बसला नाही. दुमडलेला कागद माझ्यावर ठेवला आणि निघून गेला.

एलोडीने तो मोठ्याने वाचला, म्हणून मलाही कळला. छापील मजकुरावर आल्फेने आडवी रेघ मारली होती आणि खाली गिरणीच्या पेन्सिलीने लिहिलं होतं:

'या माणसाला माझ्या बायकोचा आजार ओळखता आला नाही. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, त्यानेच बोलावून सांगितलं. मी त्याला पन्नास वर्षं ओळखतो. तो खोटं बोलत नाही. आता ओळखता येईल असं त्याचं म्हणणं आहे. त्याची परीक्षा नीट घ्या. आल्फे द्युगा.'

"हे पाठवायचं?" एलोडीने विचारलं.

"हेच पाठवायचं," ओव्हीद म्हणाला.

परीक्षेला तो राजधानीला, बॅटन रूजला गेला. लग्नातला कोट घालून, तो पोटावर बसत नव्हता तरी. तीन दिवसांनी परत आला तो आधी माझ्याकडेच. कोटासकट माझ्यावर बसला आणि एलोडीला सांगायला लागला.

"तोंडी परीक्षेला तिघं होते. मधल्याच्या हातात आल्फेचा कागद. त्याने विचारलं, हे खरं आहे? म्हटलं, अक्षर न्‌ अक्षर. मग त्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सुरू झाला. आडवं झाल्यावर दुखणारी पाठ. ताप असलेली पाठ. पोटातल्या धमनीमुळे दुखणारी पाठ. पाय बधिर होऊन लघवी अडली तर काय कराल? एक तास, एलोडी! बाकीच्यांना वीस मिनिटं आणि मला एक तास."

"मग?"

"शेवटी त्याने एवढंच विचारलं, अशा रोग्याला तुम्ही काय उपचार कराल? मी म्हटलं, गाडीत घालून इस्पितळात नेईन. त्याने घड्याळ खिशात टाकलं."

निकाल दीड महिन्याने आला. आठ विषयांत पास. निदानात वरच्या पाचांत. रसायनशास्त्रात पंचाहत्तर हवे होते, बासष्ट पडले. नापास. सहा महिन्यांनी पुन्हा बसा.

त्या दिवशी त्याने जे केलं ते त्रेसष्टच्या तुरुंगानेही त्याच्याकडून करवलं नव्हतं. त्याने पाटी काढून आत ठेवली.

हिलेर भांडायला आला. "काका, पंचवीस वर्षं बिनपरवाना चालवलंत, तुरुंगात जाऊन आलात, आणि आता सहा महिन्यांसाठी बंद? मी काय तुम्हाला पकडणार आहे?"

"तेव्हा परवाना नव्हताच म्हणून माझ्याकडे नव्हता," ओव्हीद म्हणाला. "आता आहे, आणि माझ्याकडे नाही. यात फरक आहे, हिलेर."

"आणि माझी मान?"

"लाफायेतला जा. तिथल्या पोराकडे परवाना आहे. हातही चांगला आहे म्हणतात."

सहा महिने माझ्यावर चादर होती. ओव्हीद सकाळी शेजाऱ्याच्या शेतावर राबायचा आणि दुपारी ओडीलसमोर आम्ल-अल्कली करत बसायचा. दुसऱ्या खेपेला त्याला अठ्ठ्याहत्तर पडले. परवाना टपालाने आला. त्याने तो चौकटीत बसवला, पण पाटीशेजारी लावला नाही. माझ्या डोक्याकडच्या भिंतीवर लावला, काम करताना स्वतःला दिसेल असा.

पहिल्या गुरुवारी आल्फे आला. ओव्हीदने त्याला आधी खुर्चीत बसवलं आणि प्रश्न सुरू केले. कधी दुखतं, रात्री जाग येते का, भूक कशी आहे, वजन किती, आईवडिलांना काय होतं. पाऊण तास झाला.

"अरे," आल्फे शेवटी वैतागला, "गुडघा दाखवायला आलोय मी. पापं कबूल करायची असती तर चर्चमध्ये गेलो असतो."

"वजन किती म्हणालास?"

"एकशे ऐंशी पौंड! आणि बायकोच्या वेळी हे विचारलं असतंस तर..." तो मध्येच थांबला. ओव्हीदने मान खाली घातली. आल्फेने त्याच्या खांद्यावर थोपटलं, जरा जोरातच. मग बूट काढून माझ्यावर झोपला. फटीतून तो जमिनीला काही बोलला नाही. त्याचं बोलून झालं होतं.

ओडीलचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. बापाला शिकवता शिकवता तिला गोडी लागली. "पापा, मला हेच करायचंय," ती म्हणाली, तेव्हा ओव्हीदने तिला पहिला प्रश्न विचारला, "रसायनशास्त्र येतं?" ती हसली. तिला काही दीड वर्षात सुटका नव्हती. आधी लाफायेतला दोन वर्षं कॉलेज, मग आयोवात चार वर्षांचा अभ्यास साडेतीन वर्षांत. देणगी मिळालेल्या मृतदेहावर शरीररचना, क्ष-किरण, प्रयोगशाळा, शेवटचं वर्ष कॉलेजच्या दवाखान्यात शिक्षकाच्या नजरेखाली. मग साऱ्या देशासाठीची परीक्षा, मग आमच्या राज्याची, कायद्याच्या पेपरासकट. ती घरी आली तेव्हा ओव्हीदचं लक्ष तिच्या प्रमाणपत्राकडे गेलंच नाही. त्याने तिच्या वह्या मागितल्या आणि आठवडाभर त्याच वाचत बसला.

बापलेक दहा वर्षं शेजारी शेजारी काम करत होते. परवाना टिकवायला दरवर्षी ठरावीक तासांचं नवं शिक्षण घ्यावं लागतं. ओव्हीद त्या वर्गांना सगळ्यात पुढे बसायचा आणि तरुणांना हैराण करायचा. सत्तराव्या वर्षी त्याच्या बोटांना कंप सुटला. त्याने स्वतःच मंडळाला पत्र लिहिलं आणि परवाना परत केला. त्यानंतर शेजारणीने नुसती मान दाखवली तरी तो हात पाठीमागे बांधायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर आत आहे. ती माझी मुलगी." आल्फे गेला त्याच्या पुढच्या वर्षी तोही गेला. मग एलोडी.

माझंही वय झालं. कातडं दोनदा बदललं, घोड्याचे केस जाऊन फोम आला. ओडीलने विजेवर वर-खाली होणारी टेबलं घेतली, तरी मी मागच्या खोलीत कामात होतो. शिकाऊ मुलंमुली माझ्यावर एकमेकांच्या पाठी चाचपायची. दोन हजार सोळा साली मोठा पूर आला. चार दिवस मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. पाणी ओसरलं, ओडीलने मला पुसलं, उन्हात ठेवलं. दिसायला मी पुन्हा पहिल्यासारखा झालो. न्यू ऑर्लिन्सहून आलेलं एक जोडपं तर मला अंगणातलं बाक करायला मागत होतं. ओडीलने त्यांना नाही म्हटलं.

गेल्या आठवड्यात तिने माझी तपासणी केली. आता तीही साठी ओलांडून पुढे गेलीय. गुडघे टेकून तिने माझा एकेक सांधा पाहिला, मग दोन्ही तळहात माझ्या मध्यावर ठेवून बापाच्या पद्धतीने सगळा भार टाकला. मागच्या पायातून कुरकुर आली. तिने कान लावला, पुन्हा दाबलं. लाकूड आतून कुजलंय हे तिला हाताला कळलं. मला ते आधीच कळलं होतं.

"याच्यावर आता कुणाला झोपवायचं नाही," ती शिकाऊ मुलीला म्हणाली.

"पण ताई, दिसतंय तर किती चांगलं!"

"दिसतंय."

एवढं बोलून तिने मला भिंतीशी सरकवलं. मी नापास झालो, आणि निकाल बरोबर आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. पाठ दुखली तर जरूर जा, चांगल्या हातांकडे जा. पण ते हात कुठे शिकले, त्यांची परीक्षा कुणी घेतली, हे विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर रागावणार नाही. आणि त्याने प्रश्न विचारले तर कंटाळू नका, जे दुखतं ते सगळं सांगा, जमिनीला सांगता तसं. माझ्यावर मात्र आता कुणी झोपू नका. माझे पाय तुमचा भार घेणार नाहीत.